बाबांना सांग

९ जानेवारी

मावशी,

नमस्कार, प्रकृती कशी आहे, हवा काय म्हणते, हे सगळं विचारून झालं असं समज. ओळखलंस का? तुझ्या ताईची थोरली. तू परदेशी गेलीस तेव्हा मी फ्रॉकमध्ये होते आणि तू मला बडबडे म्हणायचीस. आता मला स्वतःला एक सात वर्षांची फ्रॉकवाली आहे. एका जागी ठरत नाही म्हणून तिला भिंगरी म्हणतो.

हे पत्र आईला ठाऊक नाही. तुझं पहिलं पुस्तक आपल्या भाषेत आलं, त्यातली लग्नात रुसून बसलेली नवरी म्हणजे आपणच हे आईने बरोबर ओळखलं, आणि तेव्हापासून तुझा विषय निघाला की ती भांडी घासायला उठते. घासलेलीच पुन्हा घासते. म्हणून उत्तर पाठवशील तर लॅबच्या पत्त्यावर पाठव. फोन करू नकोस, माझा फोन घरात दोघांचा असतो.

मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाचं माप घेऊन पाठवतात, आम्ही त्यावरून कवळी बनवतो. मी मेणात दात बसवते. आमच्या मालकांच्या तोंडात स्वतःचा एक दात उरलेला नाही आणि ते कवळीही घालत नाहीत. म्हणतात, दिवसभर दातच बघतो, निदान तोंडाला तरी सुट्टी.

आता मुद्द्याचं. माझा नवरा माझ्याशी बोलत नाही. भांडण नाही, मारहाण नाही, दारू नाही. फक्त बोलत नाही. पूर्वी चार दिवस, आठवडा असं चालायचं. या वेळी त्याच्या भावाकडे जेवायला गेलो होतो. हा रंगात येऊन सांगत होता, घाटात धुकं किती होतं आणि याने गाडी कशी काढली. माझ्या तोंडून गेलं, "अरे, गाडी तर मी चालवत होते." सगळे हसले. तोही हसला. घरी आल्यापासून अबोला, आणि आता दुसरा महिना लागला.

आई म्हणते, पुरुषांचं असतं तसं, तू गप्प राहा. मी गप्पच आहे की! दोघं गप्प बसलो तर घर चालायचं कसं? तर ते भिंगरी चालवते. हा माझ्यासमोर उभा राहून तिला म्हणतो, "आईला सांग, निळा शर्ट कुठे आहे." ती माझ्याकडे वळते, "आई, बाबा विचारतायत निळा शर्ट कुठे आहे." मी म्हणते, दोरीवर. ती वळते, "बाबा, दोरीवर."

तुला का सांगते आहे? आपल्या घरातून बाहेर पडलेली तू एकटीच आहेस. आई म्हणते, तिला काही सांगू नकोस, ती पुस्तकात घालेल. घाल की! कुणीतरी माझं ऐकतंय एवढं तरी होईल.

तुझी
बडबडी

२४ जानेवारी

बडबडे, बाळा,

तुझं पत्र मी बसमध्ये उघडलं आणि माझा थांबा मागे गेला. आपल्या भाषेतलं हाताने लिहिलेलं पत्र मला किती वर्षांनी आलं असेल!

इथे माझं काय चाललंय ते ऐक, म्हणजे मोठी लेखिका वगैरे भ्रम राहणार नाही. आल्यावर पहिली काही वर्षं मी ऑफिसं झाडली. पहाटे रिकाम्या ऑफिसात साहेबाच्या खुर्चीवर बसून पहिली कादंबरी लिहिली, इथल्या भाषेत, चुकतमाकत. ती गाजली. लोकांनी हार घातले, भाषणं केली, परक्या भाषेत काय लिहिते ही, असं म्हणाले. दुसरी कोणी विचारली नाही. तिसरी मी अर्ध्यात फाडली. इथल्या लोकांना माझ्याकडून तिकडचंच हवं असतं, आणि माझ्याजवळचं तिकडचं पहिल्याच पुस्तकात संपलं. आठवणी काढून काढून तळ लागला गं.

आता पोटासाठी मी इस्पितळात दुभाषी आहे. आपल्याकडची माणसं आली की त्यांचं डॉक्टरला सांगायचं, डॉक्टरचं त्यांना. यात एक नियम आहे. पेशंट म्हणाला, माझ्या पोटात दुखतंय, तर 'याच्या पोटात दुखतंय' म्हणायचं नाही. आपणही 'माझ्या पोटात दुखतंय' असंच म्हणायचं. दिवसभर मी लोकांची दुखणी माझी म्हणून सांगत फिरते. घरी आल्यावर खरंच पोट दुखतं.

तुझी भिंगरी तर माझ्याच धंद्यातली निघाली! ते वाचून मी थक्क झाले. निरोप देताना तिचा आवाज कसा असतो? त्याच्यासारखा करते का? मध्ये उभी राहते की एका बाजूला? सगळं लिही. मनात साठवू नकोस, लिहिलंस की मोकळं वाटेल.

आणि धीर सोडू नकोस. तू एकटी नाहीस.

मावशी

११ फेब्रुवारी

मावशी,

खरंच मोकळं वाटलं. तुझं पत्र मालकांनी माझ्या टेबलावर प्लास्टरच्या जबड्याखाली ठेवलं होतं. म्हणाले, "परदेशातनं आलंय, दाबून ठेवलं, उडायला नको." मी जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि डबा खायचाच राहिला.

तू विचारलंस म्हणून मी लक्ष देऊन बघितलं. भिंगरी मध्ये उभी राहते. जेवताना हा टेबलाच्या त्या टोकाला, मी या टोकाला आणि ती मधल्या खुर्चीवर. निरोप देताना त्याचा असेल तर भुवया वर करते, माझा असेल तर हात कमरेवर घेते. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसू आलं. हात कमरेवर घेते मी, हे मला ठाऊकच नव्हतं. त्यालाही हसू आलं असणार, कारण त्याने ताटात मान खाली घातली.

काल जरा वेगळं झालं. हा म्हणाला, "आईला सांग, उद्या मला उशीर होईल." ती माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "आई, बाबांना उद्या उशीर होईल, पण लवकर यायचा प्रयत्न करतील." तो तसं म्हणालाच नव्हता. पदरचं घातलं पोरीने. मी तिच्याकडे बघत राहिले, तो उठून गेला.

मला वाटतं हे बंद करावं. तिला सांगावं, निरोप द्यायचे नाहीत, तू तुझं खेळ जा. पण मग घरात शब्दच उरणार नाही. तुला काय वाटतं?

बडबडी

१ मार्च

लाडके,

पदरचं घातलं! अगं, मी इतकी वर्षं दुभाष्याचं काम करते, आणि डॉक्टर पेशंटला काही तोडून बोलला की माझी जीभ शिवशिवते, पुढे दोन बरे शब्द जोडावेत म्हणून. तुझ्या सात वर्षांच्या पोरीने ते केलं. ते वाचून मी रडले.

एक आनंदाची बातमी. मी लिहायला लागले आहे. खूप वर्षांनी. एक बाई आहे, तिचा नवरा बोलत नाही. लॅब नाही घेतली, घड्याळदुरुस्तीचं दुकान घेतलं आहे, तेव्हा घाबरू नकोस. सगळी कथा ती बाई 'मी' म्हणून सांगते. तू पहिल्याच पत्रात घाल की म्हणालीस ना? घातलं! पहिली तीन प्रकरणं संपादिकेला दाखवली. ती एरवी चहाही स्वतःच्याच पैशाने पी म्हणणारी बाई, तिने मला उठून मिठी मारली.

तू विचारलंस त्याबद्दल. माझं म्हणशील तर भिंगरीला आत्ताच अडवू नकोस. मुलं आपापला मार्ग काढतात. ती जे करते आहे त्यातूनच तो एक दिवस विरघळेल. तू तोवर एक करून बघ. एखाद्या संध्याकाळी त्याचं ताट वाढू नकोस. काय करतो बघ. भिंगरीकडून मागतो की स्वतः उठतो? आणि मला कळव.

तुझी
मावशी

२० मार्च

मावशी,

मी पुस्तकात आहे म्हणून मला एवढी मजा वाटली की मेणात एक दात उलटा बसवला. मालक म्हणाले, "हा पेशंट जेवताना स्वतःलाच चावेल." संध्याकाळी घरी जाताना मी दुकानांच्या काचांत स्वतःला बघत होते. कुठेतरी परक्या देशात एक बाई माझ्यासारखी वागते आहे, आणि लोक तिला मिठ्या मारतायत.

तू सांगितलंस तसं ताट वाढलं नाही. तो आला, हात धुतले, बसला. समोर काही नाही. भिंगरीने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि गप्प उठून स्वतःचं ताट त्याच्यासमोर सरकवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तुझ्या सांगण्यावरून हे करायला नको होतं. राग मानू नकोस.

पण मावशी, ऐक. दुसऱ्या दिवशी तो बोलला! मी कपडे वाळत घालत होते, हा मागे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "चिमटे संपलेत का?" मला! सरळ मला! मी म्हटलं, "आहेत थोडे." त्यावर, "मी आणतो," म्हणाला आणि आणले. चार दिवस झाले, आम्ही बोलतो आहोत. फार काही नाही, गॅस, शाळा, पाणी. पण भिंगरी दोरीच्या उड्या मारायला खाली गेली, बाई! कितीतरी दिवसांनी.

एकदम हलकं वाटतंय. तुला पहिलं सांगायचं होतं.

बडबडी

६ एप्रिल

बाळ,

तुझं पत्र मिळालं. बरं झालं.

पण एक सांगू? फार हुरळून जाऊ नकोस. चिमट्यांवर समेट होत नसतो. त्याने माफी मागितली का? गाडी तू चालवत होतीस हे कबूल केलं का? नाही ना? मग हे फक्त पाणी वरून शांत झालंय. मी माणसं पाहिली आहेत, दिवसभर तेच बघते. मला नाही वाटत हे टिकेल.

इकडे मी जरा अडकले आहे. सातव्या प्रकरणापर्यंत भराभर आले आणि आता हात चालेना. संपादिका विचारते, पुढे काय होतं? तिला मी काय सांगू, चिमटे आणले म्हणून?

गंमत केली हं. तू खुशाल राहा. पण काही वेगळं घडलं तर कळवायला विसरू नकोस, अगदी बारीकसारीक असलं तरी.

मावशी

२ मे

मावशी,

तुझं म्हणणं खरं झालं. तुला बरं वाटेल.

असं लिहायला नको होतं, पण खोडत नाही. तुझं मागचं पत्र वाचून मला वाटलं होतं, मी सुखात राहून तुझं काहीतरी नुकसान केलं.

अबोला परत सुरू झाला. या वेळी कारणही कळलं नाही. भिंगरीच्या वाढदिवसाला मी लॅबमधून उशिरा आले, ते असेल, किंवा नसेलही. आता तो तिच्यामार्फतही कमी बोलतो. नुसतं बोट दाखवतो आणि तिने ओळखायचं. चुकलं तर मान हलवतो, तिने पुन्हा ओळखायचं. परवा ती पाच वस्तूंची नावं घेत होती, चष्मा, पेपर, चावी, आणि तिच्या कपाळावर घाम आला होता.

पण सांगायचं होतं ते हे नाही. काल शाळेतून बोलावणं आलं. बाई म्हणाल्या, तुमची मुलगी वर्गात माझ्याशी बोलत नाही. मला वाटलं, लाजते. त्या म्हणाल्या, तसं नाही. तिला पाणी प्यायला जायचं असलं तर शेजारच्या मुलीला सांगते, "बाईंना सांग, मला तहान लागलीय." त्या समोर उभ्या असतात, तरी. त्यांनी तिला विचारलं, तू स्वतः का नाही सांगत? तर ती शेजारच्या मुलीकडे वळली आणि म्हणाली, "बाईंना सांग, मला येत नाही."

मी शाळेच्या कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभी राहिले. तिथे मुलांनी काढलेली चित्रं लावली होती. मला एकही दिसलं नाही.

मावशी, मला इथून निघायचं आहे. आईकडे जाता येणार नाही, ती दुसऱ्या दिवशी मला हाताला धरून परत आणून सोडेल. मला तुझ्याकडे येऊ देशील का? थोडे दिवस. भिंगरीला घेऊन. दोघी एका गादीवर झोपू, मी तुझा स्वयंपाक करीन, तू लिहीत बस. माझा पासपोर्ट आहे, तिचा काढायला टाकते. तू फक्त ये म्हण.

लवकर उत्तर दे.

तुझी

१५ मे

माझ्या बाळा,

वाचून काळीज हललं. तू किती सोसते आहेस, मला कळतं.

पण आत्ता नको. माझ्यावर रागावू नकोस, नीट ऐक. माझी खोली एवढीशी, घरमालकीण पाहुणे चालवून घेत नाही. पाहुण्यांचे कागद करायला इथे किती दिवस लागतात याला नेम नाही. आणि मुख्य म्हणजे, परक्या देशात येऊन पडलेल्या बाईचं काय होतं ते मी भोगलंय. भाषा येत नाही, दुकानात बोट दाखवून मागावं लागतं. तुझ्या पोरीला एका बोट दाखवण्यातून काढून दुसऱ्यात टाकायचं का? घाईत काही करू नकोस. निदान पावसाळा जाऊ दे. माझं पुस्तकही तोवर हातावेगळं होईल, मग शांतपणे बघू.

शाळेतलं तू लिहिलंस ते मी पुन्हा पुन्हा वाचलं. मला अजून थोडं सांग. भिंगरी 'बाईंना सांग' म्हणते तेव्हा बाईंकडे बघते की दुसऱ्या मुलीकडेच? ती शेजारची मुलगी निरोप जसाच्या तसा देते का? बाई तरुण आहेत की वयस्क? कॉरिडॉरमध्ये उभी असताना तुझ्या हातात काय होतं? तू घरी गेलीस तेव्हा त्याला यातलं काही कळलं का, आणि कळलं असेल तर कुणी सांगितलं, तिनेच? तो बोट दाखवतो ते बसून की उभा राहून? आणि एक. तुमच्या बाहेरच्या दाराची कडी कशी आहे? लोखंडी की पितळी? वाजते का? मला ती बाई दारापाशी उभी करायची आहे, निघावं की निघू नये अशी, आणि मला ते दार दिसत नाहीये.

जपून राहा. लिहीत राहा.

तुझी
मावशी

३० जून

बडबडे,

दीड महिना झाला, तुझा शब्द नाही. टपाल हरवलं असेल म्हणून हे दुसरं.

पुस्तक पूर्ण झालं. तुला शेवट सांगते. ती बाई दारापर्यंत जाते, कडीला हात लावते आणि मागे फिरते. स्वयंपाकघरात येते. नवरा पेपर वाचत बसलेला असतो. ती मुलीला म्हणते, "बाबांना सांग, जेवण तयार आहे." इतके दिवस ती कधीच असा निरोप पाठवत नाही, फक्त उत्तरं देते. आता तीही पाठवते. तिथे संपतं.

संपादिकेने शेवटचं पान दोनदा वाचलं. म्हणाली, याच्यासाठी इतकी वर्षं तुझी वाट बघितली.

तू एक ओळ लिही. नुसतं बरी आहे म्हण.

मावशी

१२ ऑगस्ट

बाळ,

शेवटी मी ताईला फोन केला. इतक्या वर्षांनी तिचा आवाज ऐकला. तिने माझा ओळखला, "ती बरी आहे," एवढंच म्हणाली आणि ठेवून दिला. मागून भांडी वाजत होती.

मग तुमच्या लॅबमध्ये लावला. तुमचे मालक बोबडे बोलतात हे तू लिहिलं नव्हतंस! मला आधी कळेचना. मग कळलं. म्हणाले, "कामावर येते रोज. समोरच बसलीय. तुम्हाला सांगा म्हणते, तिला बोलायचं नाही."

तू समोर बसून दुसऱ्याकडून मला निरोप दिलास. मी फोन हातात धरून इस्पितळाच्या जिन्यात बसले. लोक अंगावरून जात होते.

ये. दोघी या. घरमालकिणीशी बोलले आहे, कागदांचंही बघते. तिने एका शब्दात हो म्हटलं, मी आधी विचारलंच नव्हतं.

मावशी

३ सप्टेंबर

मावशी,

तुझी मागची दोन्ही पत्रं मिळाली. मालक ती जबड्याखाली ठेवायचे, मी उचलायचे, ड्रॉवरमध्ये टाकायचे. उघडली मात्र आत्ता, एकदम.

आम्ही त्या घरात नाही. मे महिन्यातच निघालो.

तुझं ते नको म्हणणारं पत्र मी लॅबमध्ये वाचलं. नको म्हणालीस याचा राग नाही आला. आला, पण तो तेवढ्यापुरता. तुझीही ओढाताण असेल. पुढची गोष्ट सांगते. त्या संध्याकाळी घरी गेले आणि मी खरंच कडी बघितली. पितळी आहे. खालून झिजलीय, वाजते. भिंगरीला हाक मारून शाळेतलं विचारलं, तू बोलताना बाईंकडे बघतेस का गं? तिने बाबांकडे बघितलं. मग मी स्वयंपाकघरात कागद घेऊन बसले आणि तुझ्या प्रश्नांची उत्तरं लिहायला लागले, एकामागून एक. तो पलीकडे बसून बोट दाखवत होता, ती नावं घेत होती, आणि मी लिहीत होते, तो बसून दाखवतो. बसून दाखवतो, हे लिहिताना मला बरं वाटलं, मावशी. छान जमलं असं वाटलं. आणि माझ्याच पोरीचा रडवेला आवाज मला कितीतरी वेळ ऐकूच आला नाही.

तेव्हा मला माझीच भीती वाटली. महिनाभर मी निघायचं निघायचं म्हणत होते आणि घडेल ते तुला कळवत होते. कळवलं की सुटल्यासारखं वाटायचं. सुटले कुठे होते? मी कडी बघत बसले होते, काढत नव्हते.

यापुढचं तुला सांगणार नाही. कशी निघाले, कुणी मदत केली, कुठे राहतो, तो काय म्हणाला, आईने काय केलं, भिंगरी कशी आहे, यातलं काहीच नाही. तू तिकडे बोलावलंस, त्याबद्दल मनापासून आभार. आता गरज नाही.

तुझ्या पत्रांचा मला आधार होता हे खोटं नाही. ती आली नसती तर मी त्या घरात वेडी झाले असते. म्हणून एकच मागते. पुस्तक छापून झालं नसेल तर त्या बाईला बाहेर काढ. तिच्याही हाताशी पोर आहे. मला काढायला तुला वेळ नव्हता, ते जाऊ दे. पण तिला तर तूच काढू शकतेस, दुसरं कोण आहे तिचं?

तुझी भाची

२१ सप्टेंबर

बाळ,

संपादिकेला सांगितलं, मला शेवट बदलायचा आहे. ती आधी हसली, मग तिला कळलं मी खरंच म्हणते आहे. छापखान्यात जायला थोडे दिवस होते. ते तिने मला दिले. म्हणाली, पटला तर घेऊ.

इस्पितळातून रजा घेतली आणि बसले. त्या बाईला स्वयंपाकघरातून उठवलं, मुलीचा हात हातात दिला, दारापाशी आणलं. कडी काढली. पुढे मला काही येईना. कोणती पिशवी घेतली? पोरीला काय सांगितलं? जिना उतरताना मागे बघितलं का? मी देश सोडून आलेली बाई, लोक मला त्याबद्दल भाषणं करायला बोलावतात. पण मी निघाले तेव्हा माझी बॅग ताईने भरली होती आणि अख्खं घर मला पोचवायला आलं होतं. कुणी थांबवत असताना निघायचं कसं, हे मी कधी केलंच नाही. चार वेळा लिहिलं. चारही वेळा ती दाराबाहेर गेली की खोटी व्हायची. इतके दिवस मी तिच्या तोंडून 'मी' म्हणत होते, तो आवाज तुझा होता, आणि तू आता मला काही सांगत नाहीस. बरोबर करतेस.

पुस्तक तसंच गेलं. मी सही केली. थांबवता आलं असतं. उशीर झाला, करार झाला होता, असं तुला लिहावंसं वाटत होतं, पण ते खरं नाही. हे पुस्तक चांगलं झालंय, आणि मला दुसरं लिहायला होणार नाही. म्हणून जाऊ दिलं. ती बाई तिथेच आहे, मुलगी मधल्या खुर्चीवर आहे, आणि आता ते पुष्कळ लोक वाचतील.

तुझ्याजवळ काही मागायचं तोंड मला राहिलं नाही. पण रात्रंदिवस एकच घोळतंय, ते विचारल्याशिवाय हे पाकीट बंद होत नाहीये. भिंगरी आता स्वतः बोलते का गं? पुस्तक संपलंय, मला याचं काही करायचं नाही, मी तिच्या आईची मावशी आहे म्हणून विचारते. तुझा विश्वास बसणार नाही. तुझ्या जागी मी असते तर माझाही बसला नसता.

तरी विचारते.

मावशी